परतीची बॅग: अमळनेरहून न्यू जर्सीला

विषय: परतीची बॅग, मदत हवी

नमस्कार मंडळी,

सध्या अमळनेरला सासरी आहे, पुढच्या रविवारी परत निघायचं. 23-23 किलोच्या दोन बॅगा आणि हातातली 7 किलोची. इथे ओसरीवर सामान मांडून ठेवलंय: 3 किलो काळा मसाला, बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, कैरीचं लोणचं, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, लग्नातल्या आहेराच्या साड्या. त्यात काल मामेसासऱ्यांनी भरताची वांगी आणून दिली. सासूबाईंचं एकच, "लई जाय, तठे हाई मिळस का?" (घेऊन जा, तिथे हे मिळतं का?) त्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही कसं भरता, सांगाल का?

अमळनेरची सून

उत्तर: परतीची बॅग, मदत हवी

अगं, आधी वजन कर, मग भर. आपण सगळे उलटं करतो. बॅग भरते, चेन लागते, म्हणजे झालं असं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी मुंबईला विमानतळावर माझी एक बॅग 27 किलो भरली. मागे रांग, हातात पासपोर्ट, आणि मी जमिनीवर बसून बॅग उघडली. घाईत जे वर होतं ते काढलं, आणि वर आईचा मसाला होता. आईने मिरच्या स्वतः निवडून, देठ काढून, गच्चीवर वाळवल्या होत्या. ती पिशवी तिथेच राहिली. आईला मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. म्हणून तुला कळकळीने सांगते, काय ठेवायचं ते घरी, सासूबाईंच्या समोर ठरव. त्या स्वतः हाताने एखादी पिशवी बाजूला काढतील, तर ती पिशवी घरात राहील.

रिकाम्या बॅगा आधी तोल. चाकांची मोठी बॅग रिकामीच 4 ते 5 किलो असते, म्हणजे 46 मधले तुझे खरे 37 उरले. मी आता यावलला आमच्या गल्लीतल्या व्यापाऱ्याच्या केळी तोलायच्या काट्यावर बॅगा चढवते. तोही हसत नाही, त्याला सवय झालीय. प्रत्येक बॅग 22 वर थांबव. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा सारखाच बोलेल असं नाही.

हवा काढायच्या पिशव्या घेऊ नकोस. त्यांनी जागा वाचते, वजन तेवढंच राहतं, आणि आपली अडचण वजनाची आहे. जागा फक्त कुरडया खातात. त्या आणि बिबड्या साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात रच, फटीत मोजे आणि लहान कपडे कोंब, खोकं बॅगेच्या मधोमध ठेव. स्टीलचा डबा घेऊ नकोस, डब्याचंच किलोभर जातं. पापडांची चळत साड्यांच्या घड्यांमध्ये सपाट बसते. मसाला आणि पीठ चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर जड सामान खाली येऊन बाकीचं चेपत नाही. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर आधी प्लास्टिकचा तुकडा, मग झाकण, मग टेप, मग दोन पिशव्या. तेल वाट शोधतंच.

साड्यांबद्दल माझं मत कडक आहे. जरीची एक साडी सहज पाऊण किलो भरते. दोन आण, बाकीच्या सासूबाईंच्या कपाटात राहू देत. पुढच्या लग्नाला तिथेच नेसायच्या आहेत.

यावलची ताई

उत्तर: परतीची बॅग, मदत हवी

ताईंनी भरायचं सांगितलं, मी नियमांचं सांगतो.

खोबऱ्याच्या वाट्या काढाच. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते चालत नाही. मोठ्या बॅगेतही नाही. भाजून मसाल्यात वाटलेल्या खोबऱ्याची काळजी नको, पण तो मसाला मोठ्याच बॅगेत. मिरचीपूड हातातल्या बॅगेत आपल्याकडे सुरक्षा तपासणीत काढून घेतात. अमेरिकेच्या विमानात 350 मिलीच्या वरची कुठलीही पूड हातात अडचणीची ठरते. लोणचंही हातात नको. पॉवर बँक मात्र उलट, हातातच.

वांग्यांचं वाईट वाटतं. आमच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता अमेरिकेत उतरत नाहीत. तांदूळही सामानातून आणता येत नाही, खापरा किड्याच्या भीतीने. बाकी सगळं खाणं उतरल्यावर सांगून टाका. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड. पाकिटांवर इंग्रजीत नाव लिहिलेलं असलं की अधिकाऱ्याला विचारावं लागत नाही.

आणि मुंबईपर्यंत कशा जाणार? जळगावहून छोट्या विमानाचं वेगळं तिकीट काढलं असेल तर त्यात साधारण 15 किलोच फुकट असतात, उरलेल्याचे पैसे. रेल्वेत थर्ड एसीला 40 किलो, सेकंड एसीला 50 किलो मोफत. दोन्ही बॅगा आणि हातातलं मिळून पन्नासच्या आसपास जाईल, म्हणून सेकंड एसीच सोयीचं.

धुळ्याचा काका

उत्तर: परतीची बॅग, मदत हवी

काका, ताई, मनापासून आभार.

विमानाचं तिकीट रद्द केलं, जळगावहून रात्रीची गाडी, सेकंड एसी. काल दुपारी सासूबाईंना ओट्यावर बसवलं आणि किराणा दुकानातला काटा घरी आणला. ताईंचा मसाल्याचा किस्सा वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग उठून स्वतः खोबऱ्याच्या वाट्या आत नेल्या. पिठाची पिशवी 3 किलोवरून 2 वर आणली. साड्यांच्या बाबतीत ऐकलं नाही, तीन नेतेय.

वांगी काल रात्रीच अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली. शेजारपाजारचे धरून चौदा जण जेवायला होतो.

बॅगा 21.8 आणि 22.1. ताई, यावलला आईंना फोन केलात तर मसाल्याचं सांगा. मला वाटतं त्यांना चालेल.

अमळनेरची सून