"मढं पुरून टाका" म्हणणाऱ्यांनो, मग दुसरी वाट दाखवा

वाटसरू

परवा इथं या संस्थळावर गाझाच्या बातमीखाली एका सभासदानं लिहिलं: "द्विराष्ट्र तोडगा मेलाय, मढं पुरून टाका. एकानं जिंकावं, दुसऱ्यानं बाडबिस्तरा उचलावा. इतिहासात असंच होत आलंय." द्विराष्ट्र तोडगा म्हणजे इस्रायलशेजारी पॅलेस्टाइन हे वेगळं राष्ट्र. त्या प्रतिसादाखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाडबिस्तरा उचलून जायचं कुठं? जॉर्डन नदीपासून समुद्रापर्यंतची सगळी जागा आपल्या पुणे आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या बेरजेहून लहान. तिथं सत्तरेक लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी राहतात. इजिप्त दार उघडणार नाही, जॉर्डन नाही. आणि ज्यू तरी कुठं जातील? बगदाद, येमेन, मोरोक्कोतून निघालेल्यांची घरं तिकडं कुणी राखून ठेवलेली नाहीत. १९४८ मध्ये इस्रायल झालं तेव्हा सात लाख पॅलेस्टिनी घरादारातून उठले, त्यांची पतवंडं आजही निर्वासित म्हणून नोंदलेली आहेत. उठवून प्रश्न मिटत असता तर तेव्हाच मिटला असता.

या तोडग्याकडं नेणारा इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधला ऑस्लो करार आपोआप मेला नाही, मारला गेला. १३ सप्टेंबर १९९३ ला सही झाली. पाच महिन्यांत वेस्ट बँकेतल्या (जॉर्डन नदीकाठचा, इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश) हेब्रॉनला, तिथं वस्ती करून राहिलेल्या एका ज्यू वसाहतवाल्यानं नमाज पढणारे २९ जण गोळ्या घालून मारले. हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेनं बसमध्ये बॉम्ब फोडले. ४ नोव्हेंबर १९९५ ला करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना मारलं ते एका ज्यू तरुणानंच. ज्यांना करार नको होता ते दोन्हीकडं होते आणि दोघांनी मिळून तो मोडला. ज्यांनी मोडला त्यांचंच ऐकून आपण "मेला" म्हणायचं?

टेकडीवरून

भावना कळली, पण नकाशा बघा. १९९३ मध्ये वेस्ट बँकेत वसाहतवाले लाखभर होते, आज पाच लाखांच्या घरात आहेत, पूर्व जेरुसलेम वेगळंच. क्षेत्र 'क' म्हणजे वेस्ट बँकेचा साठ टक्के भाग, तो आजही पूर्णपणे इस्रायली लष्कराकडं. ऑस्लोनं पाच वर्षांची तात्पुरती सोय केली होती, ती तीस वर्षं चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलनं जेरुसलेम आणि माले अदुमीम ही वसाहत यांच्यामधल्या 'ई-१' पट्ट्यात बांधकामाला मंजुरी दिली. तिथं घरं उभी राहिली की रामल्ला आणि बेथलेहेम या पॅलेस्टिनी शहरांमधली सरळ वाट संपली. राष्ट्र उभं करणार ते कशावर? जुलै २०२४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, ६८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टिनी राष्ट्र नकोच असा ठराव केला.

२००५ मध्ये गाझातून आठ हजार वसाहतवाले हलवायला सगळं लष्कर लागलं. पाच लाख कोण हलवणार?

पिंपळपान

गाझाचं नाव काढलंतच तर पुढचंही सांगा ना. इस्रायल निघालं, २००६ मध्ये हमास निवडून आली, २००७ मध्ये तिनं गाझा बळकावला, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला बाराशे माणसं मारून अडीचशे ओलीस नेले. लहान पोरं, म्हाताऱ्या. हे असलं राष्ट्र शेजारी हवंय कुणाला?

आणि नकार कुणाचा? १९४७ ची संयुक्त राष्ट्रांनी सुचवलेली पॅलेस्टाइनची फाळणी अरबांनी नाकारली. २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडच्या बोलण्यांतून पॅलेस्टिनी नेते अराफत रिकाम्या हातानं उठले. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी नकाशा पुढं ठेवला, अराफत यांच्यानंतरचे पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांनी सही केली नाही. तीनदा ताट वाढलं, तीनदा ढकललं.

वाटसरू

१९४७ चा ठराव आपल्या भारतानंही विरोधातच मत देऊन नाकारला होता, तेवढं लक्षात ठेवा. ओल्मर्टांनी नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी पद सोडायचं जाहीर केलेलं होतं, चौकशा मागं लागल्या होत्या, आणि डिसेंबरात गाझावर हल्ला सुरू झाला. तरीही, अब्बास यांनी उलट प्रस्ताव ठेवायला हवा होता, हे मी मान्य करतो. चूक होती, मोठी चूक.

टेकडीवरून, तुमच्या पाच लाखांतले बरेचसे सीमेलगतच्या वसाहतींच्या गठ्ठ्यांत राहतात. क्लिंटन यांच्या आराखड्यात हेच होतं: वेस्ट बँकेतली ९४ ते ९६ टक्के जमीन पॅलेस्टाइनला, गठ्ठे इस्रायलकडं, बदल्यात थोडी दुसरी जमीन. अवघड आहे. पण तुमची पर्यायी वाट काय, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

नवगावकर

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. माझी आत्या १९६९ साली इस्रायलला गेली, अश्दोदला असते. सायरन वाजल्यापासून तिच्याकडं पंचेचाळीस सेकंद असतात. तिची इमारत जुनी, घरात आसऱ्याची खोली नाही, जिन्यात जाऊन बसावं लागतं. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आता ती उंबऱ्याशीच खुर्ची टाकून झोपते.

हीच आत्या राबिनना मत देणारी. त्यांचा खून झाला तेव्हा मलिद्याचं ताट आणायला गेलेली ती तशीच रडत घरी आली. पण मार्च २००४ मध्ये अश्दोद बंदरात स्फोट झाला, दहा माणसं गेली. काका बंदरातच कामाला होते, त्या दिवशी रजेवर म्हणून वाचले. त्यानंतर शांतीचं नाव काढलं की आत्या म्हणते, "तू इथं येऊन महिनाभर राहा, मग मला शिकव." तिला मी काय उत्तर देऊ, वाटसरू?

शारजाकर

आत्याबाईंची भीती खोटी नाही. पण दुसरीकडचंही ऐका. शारजात माझ्या शेजारच्या टेबलावर वेस्ट बँकेतल्या नाब्लुसचा एक जण होता. त्याची बहीण तिथल्याच बिरझेतच्या विद्यापीठात शिकायची. रोज सकाळी तिचा फोन यायचा तो एवढंच सांगायला, की आज वाटेतलं हवाराचं इस्रायली लष्कराचं नाकं उघडं आहे की बंद. तासाभराचा रस्ता, कधी पोचेल सांगता यायचं नाही. एकदा परीक्षेच्या दिवशी नाकं बंद. हा माणूस बिलांचा ढीग पुढं घेऊन बसलेला आणि दर दहा मिनिटांनी फोन उचलतोय. तिचं ते वर्ष गेलं. त्या मुलीनं कुठला बॉम्ब फोडला होता?

आणि पिंपळपान, गाझात साठ हजारांवर माणसं मेली, तिथं मेलेली पोरं तुमच्या यादीत का नाहीत?

पिंपळपान

माझ्या यादीत कोण आहे ते तुम्ही ठरवू नका. पोर मेलं की मलाही वाईटच वाटतं.

थापी

राजकारण मला कळत नाही, पण एक सांगतो. माझा मामेभाऊ लाद्या बसवतो. २०२४ मध्ये इस्रायलला गेला, महिना एक लाख सदतीस हजार. ७ ऑक्टोबरनंतर वेस्ट बँकेतल्या मजुरांचे परवाने बंद झाले, म्हणून आपली माणसं नेतायत. पहिल्या दिवशी त्याला एका न्हाणीघरात उभं केलं. कमरेपर्यंत लाद्या लागलेल्या, वर कोरी भिंत. बादलीत सिमेंट दगड झालेलं, त्यात थापी तशीच रुतलेली. कुणीतरी शुक्रवारी काम ठेवून गेला तो परत आलाच नाही. भावानं ओळंबा लावून पाहिलं. म्हणाला, दादा, एक रेघ इकडची तिकडं नाही, काय हात होता त्याचा!

शारजाकर

म्हणजे दीड लाख लोकांच्या पोटावर पाय देऊन आपण जागा भरायच्या. सरकारनं हे करायलाच नको होतं.

थापी

तुम्ही शारजात कुणाच्या जागेवर बसला होतात? मामाची तीन एकर कोरडवाहू, दोन वर्षं सोयाबीनला भाव नाही, बहिणीचं लग्न राहिलेलं. भाऊ गेला नसता तर कर्ज तुम्ही फेडणार होतात? घरात बसून दुसऱ्याच्या भाकरीचा हिशोब करू नका.

टेकडीवरून

थापी, राग समजू शकतो, पण मुद्दा तुमच्या भावाचा नाही. मजूर बदलता येतो हे एकदा कळलं की इस्रायलला पॅलेस्टिनींशी व्यवहार ठेवायचं उरलेलं कारणही जातं. शिवाय ती जागा सुरक्षित नाही. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळ केरळचा एक मजूर क्षेपणास्त्रानं मेला.

थापी

माहीत आहे. मामीनं त्या रात्री चूल पेटवली नाही. पण आपल्याकडं परांचीवरून पडून मेलेल्यासाठी कुणी धागा काढतं का?

नवगावकर

थापी, तुमच्या भावाची थट्टा कुणी करू नये. आमची माणसं गेली तेव्हा तीही हाताच्या कामावरच गेली. वर १९६४ पर्यंत झगडावं लागलं, तुम्ही खरे ज्यू आहात का, लग्न लावायचं की नाही म्हणून. आत्या सांगते, त्या जुन्या इमारतींच्या भिंती गाझाच्या गवंड्यांनी उभ्या केल्या, ती त्यांना चहा द्यायची, मोडकं अरबी बोलायची. नातवाला हे खरंच वाटत नाही. लष्करी गणवेश अंगावर नसताना त्यानं एकही पॅलेस्टिनी पाहिलेला नाही. दोन राष्ट्रं झाली तर सीमा आखा, पण एवढी उंच भिंत नको, असं माझं मत आहे. आत्याचं नाही.

पिंपळपान

वाटसरू, सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली, आपण १९८८ मध्येच दिली. त्यानं एक नाकं तरी उघडलं का? तरीही, माणसं हाकला म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. मी म्हणतो, हमास शस्त्र खाली ठेवेल तेव्हा बोलू. तोवर नाही.

वाटसरू

आणि वसाहती थांबतील तेव्हा, हे जोडा. दोन्ही एकदम. पहिलं पाऊल दुसऱ्यानं टाकावं, यातच तीस वर्षं गेली. पिंपळपान, "हवंय कुणाला" वरून तुम्ही "तेव्हा बोलू" पर्यंत आलात, माझं एवढ्यावर भागतं.

नवगावकर, तुमच्या आत्याबाईंना द्यायला माझ्याकडं उत्तर नाही. ज्या खुर्चीवर त्या झोपतात ती आत न्यायची कशी, यासाठीच मी हे लिहितोय, एवढंच त्यांना सांगा.

थापी, त्या न्हाणीघराचं पुढं काय झालं?

थापी

भावानं पुरं केलं. खालच्या लाद्या त्याच्या, वरच्या ह्याच्या, सांधा कळत नाही म्हणतो. मुकादमाला विचारलं, कोण होता? मुकादम ज्यू, पण अरबी येतं. म्हणाला, वेस्ट बँकेतल्या तुलकरमचा, वीस वर्षं माझ्याकडं होता. नंबर अजून फोनमध्ये आहे. ईदला त्याचा फोन येतो, बायकामुलांची चौकशी होते, आणि शेवटी दर वेळी तो एकच विचारतो, परवाना कधी सुरू होईल? भाऊ म्हणाला, थापी धुऊन मुकादमाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवली आहे.