आमदारांच्या मासिक माहितीपत्रकात नेमके काय असावे? (नाशिक जिल्हा, ग्रामीण मतदारसंघ)

प्रश्न : पश्चिम पट्टा

नमस्कार. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी गेल्या सहा महिन्यांपासून काम करतो. मतदारसंघातील गावांसाठी दर महिन्याला माहितीपत्रक काढायचे ठरले असून त्याचा मजकूर लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पहिले दोन अंक मी नेहमीच्या पद्धतीने काढले. त्यांत भूमिपूजने, गावभेटी, मंत्र्यांना दिलेली निवेदने, अधिवेशनात मांडलेले प्रश्न आणि शेवटच्या पानावर योजनांची यादी होती.

दुसरा अंक घेऊन मी एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या एका आजींनी तो नातीकडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून घेतला आणि मग मला विचारले, "यात माझ्या निराधारच्या पैशाचं काय लिहिलंय?" संजय गांधी निराधार योजनेचे त्यांचे अनुदान काही महिन्यांपासून खात्यात येत नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अंकातही नव्हते. त्या दिवसापासून मी या कामाकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे. आपल्यापैकी ज्यांचा गावपातळीवरील कामकाजाशी संबंध आला आहे, त्यांनी कृपया सांगावे की अशा पत्रकात काय असले तर ते घरात जपून ठेवले जाईल, आणि जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे ते कसे पोहोचवावे?

उत्तर : निवृत्त ग्रामसेवक, दिंडोरी तालुका

मी सुमारे तीस वर्षे ग्रामसेवक म्हणून काम केले. या काळात गावात सर्वांत अधिक गैरसमज निर्माण करणारा शब्द मी पाहिला तो म्हणजे 'मंजूर'. रस्त्यासाठी अमुक लाख रुपये मंजूर, असे पत्रकात छापून येते, गावकरी पुढच्या आठवड्यापासून खडीच्या गाडीची वाट पाहू लागतात आणि वर्ष उलटले की ग्रामसभेत सरपंचांना विचारले जाते की पैसे गेले कुठे. प्रत्यक्षात त्या दिवशी बहुधा आमदारांनी केवळ शिफारसपत्र दिलेले असते. त्यानंतर अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा असे टप्पे पार पडतात, आणि कार्यारंभ आदेश निघाल्यावरच ठेकेदार कामावर येतो. आपल्या भागात मध्येच वनजमिनीचा तुकडा लागला, तर वनखात्याच्या परवानगीसाठी आणखी काळ जातो. यांपैकी कोणत्याही टप्प्याला लोक 'मंजूर' म्हणतात आणि पुढारीही तोच शब्द वापरतात.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की हा शब्द पत्रकातून पूर्णपणे काढून टाकावा आणि त्याच्या जागी काम कोणत्या टप्प्यावर आहे ते तारखेसह लिहावे. दुसरी गोष्ट म्हणजे पैसा कोणत्या शीर्षाखालचा, म्हणजे सरकारी अर्थसंकल्पातील कोणत्या तरतुदीतला आहे, हे सांगावे. विधानसभा सदस्याच्या स्थानिक विकास निधीची मर्यादा वर्षाला ५ कोटी रुपये आहे, मात्र ही रक्कम त्यांच्या हातात येत नाही. ते कामे सुचवतात, आणि मान्यता व निधीवाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत नियोजन कार्यालयामार्फत होते. याखेरीज शीर्षाच्या क्रमांकावरून ओळखले जाणारे ग्रामविकास विभागाचे 'पंचवीस पंधरा', रस्त्यांचे 'तीस चोपन्न' आणि 'पन्नास चोपन्न', जिल्हा वार्षिक योजना आणि आदिवासी उपयोजना असे वेगवेगळे स्रोत असतात. कार्यकर्त्यांच्या तोंडी हे आकडे रोज असतात, पण ज्या गावासाठी ते वापरले जातात त्या गावाला त्यांचा अर्थ कुणी समजावून सांगितलेला नसतो. कामाचे नाव, शीर्ष, रक्कम, काम करणारी यंत्रणा आणि आजचा टप्पा एवढे दिले, तर गावातला एखादा बारावी झालेला मुलगासुद्धा पंचायत समितीत जाऊन नेमका प्रश्न विचारू शकेल. अडलेली कामेही त्याच यादीत ठेवावीत आणि ती का अडली ते लिहावे. एखाद्या कामाचे नाव पुढच्या अंकातून गुपचूप गायब झाले, की त्यानंतर कोणत्याच ओळीवर विश्वास बसत नाही.

उत्तर : कांदा उत्पादक, निफाड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. आमच्या भागात येणाऱ्या बहुतेक पत्रकांत कांदा निर्यातीबाबत निवेदन दिल्याची बातमी ठळकपणे असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाली, मे २०२४ मध्ये ती उठली तेव्हा किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होते, पुढे सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. हे सर्व निर्णय केंद्र सरकारचे होते. आमदारांनी निवेदन देणे योग्यच आहे, कारण लासलगावच्या लिलावात भाव कोसळतो तेव्हा आमचा आवाज कुणीतरी पुढे न्यायलाच हवा. पण निर्णय कोणत्या सरकारचा आहे, हे पत्रकात स्पष्ट लिहिलेले नसले, तर शेतकरी चुकीच्या दारात उभा राहतो.

याउलट राज्याच्या अखत्यारीतील एका निर्णयाचे उदाहरण देतो. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्यासाठी राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केले. त्यासाठी विक्रीपट्टी आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीद्वारे, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून, केलेली कांद्याची नोंद आवश्यक होती. आमच्या वस्तीवर अनेकांकडे पट्टी होती, पण नोंद नव्हती. पुढे पाहणी करून मार्ग काढला गेला, तरी तलाठी कार्यालय, बाजार समिती आणि पुन्हा तलाठी कार्यालय असे हेलपाटे घालण्यात कित्येक दिवस गेले. माझ्या वडिलांनी त्या उन्हाळ्यात याच कामासाठी अकरा फेऱ्या मारल्या, आणि त्या मी मोजल्या आहेत. ई-पीक पाहणीची मुदत अमुक तारखेला संपते आणि नोंद राहिली तर भरपाई व अनुदान अडते, एवढी एक ओळ योग्य महिन्यात मोठ्या अक्षरांत छापून आली असती, तर त्यांतल्या बऱ्याच फेऱ्या वाचल्या असत्या. पत्रकाचे पहिले पान पुढच्या तीस दिवसांतील मुदतींसाठी राखून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : शिक्षिका, सुरगाणा

आमच्याकडे कागद पोहोचवण्याचे खरे ठिकाण आठवडे बाजार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पत्रक रस्त्याकडेच्या गावांत दिसते, पण डोंगरापलीकडच्या पाड्यांपर्यंत जात नाही. बाजाराच्या दिवशी किराणा दुकान, रेशन दुकान आणि पिठाच्या गिरणीवर एकेक प्रत लावावी, आणि आशाताई व अंगणवाडीताईंना ती समजावून सांगावी. शक्य असल्यास कुणीतरी ती कोकणा बोलीत वाचून दाखवावी, कारण छापील मराठी ऐकून ज्या बायका गप्प बसतात, त्याच आपल्या बोलीत ऐकल्यावर लगेच प्रश्न विचारतात. हे मी शाळेच्या पालकसभेत अनेकदा पाहिले आहे.

मजकुराबाबत एकच सांगते. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या अंकात टँकरची माहिती असायलाच हवी. ग्रामपंचायतीचा ठराव करून मागणी पंचायत समितीकडे द्यायची असते आणि त्यानंतर तहसीलदार व गटविकास अधिकारी पाहणी करतात, हे अनेक पाड्यांना ठाऊक नसते. विहीर आटल्यावर मागणी केली, तर मधले दिवस कोरडेच जातात. तसेच पेसा क्षेत्रातील (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी थेट मिळतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभेने ठरवायचा असतो. आपल्या गावाला यंदा किती रक्कम आली, हे छापून आले तर ग्रामसभेला येणाऱ्यांची संख्या वाढेल.

उत्तर : सेवा केंद्र चालक, इगतपुरी

मी थोडक्यात लिहितो. दाखल्यासाठी कार्यालयात फोन करून द्या, अशी विनंती घेऊन रोज किती लोक आपल्याकडे येतात, ते मोजून पाहावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत आहे, नकार दिल्यास कारण लेखी द्यावे लागते आणि ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमदारांच्या पत्रकाने हे सांगितले, तर त्याला वेगळे वजन येते. अर्जाची पोच मागून घ्या, हे वाक्य प्रत्येक अंकात असावे.

अधिवेशनातील प्रश्नांबद्दलही सुचवतो. तारांकित प्रश्नाची (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) भाषा 'हे खरे आहे काय' अशी असते आणि उत्तर 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे' किंवा 'हे खरे नाही' असे येते. पत्रकात बहुधा प्रश्नच छापला जातो. मंत्र्यांचे उत्तर शब्दशः छापावे, कारण गावाच्या हाती पुरावा म्हणून तेच राहते.

पश्चिम पट्टा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी 'मंजूर' या शब्दाबद्दल लिहिले ते वाचून मी दोन्ही अंक पुन्हा काढून पाहिले. तो शब्द त्यांत चौदा वेळा आला आहे आणि त्यांतील नऊ कामांचे केवळ शिफारसपत्र गेलेले आहे. तिसऱ्या अंकात या चौदा कामांचा खरा टप्पा छापण्यास साहेबांनी होकार दिला आहे.

आजींच्या अनुदानाचे कारणही कळले. निराधारचे पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने आधार-संलग्न खात्यात जमा होतात आणि त्यांचे जुने खाते आधारशी जोडलेले नव्हते. गुरुवारी मी त्यांना बँकेत घेऊन गेलो, अर्ज दिला आणि पोच घेतली. त्याच पाड्यावर आणखी सहा जणांचे पैसे याच कारणाने थांबलेले निघाले, त्यामुळे तिसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर मुदतींच्या शेजारी हीच माहिती जाईल. ताई, कोकणा बोलीत वाचून दाखवण्यासाठी आपल्या शाळेतील एखादे पालक तयार होतील का? येत्या बाजाराच्या दिवशी मी प्रती घेऊन सुरगाण्याला येऊ शकतो.