इंटरनेटवाल्या युनिटला ब्रेकच्या जाळ्यात बोलू द्यावं का?

चक्रधर
माझं ठाम मत: गाडीतलं जे युनिट इंटरनेटला जोडलेलं आहे, त्याला ब्रेक-स्टिअरिंगच्या जाळ्यातलं ऐकू द्या, पण बोलू देऊ नका.

कारण कॅन बस, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांना (ईसीयूंना) जोडणारं जाळं. बॉशने ती १९८६ साली मांडली, तेव्हा गाडीला बाहेरचं जग ठाऊकच नव्हतं. दोन तारांवर सगळे ईसीयू एकमेकांना निरोप देतात. निरोपावर क्रमांक असतो, पण तो कोणी पाठवला याचा पुरावा नसतो. तार ज्याच्या हाती लागली, त्याचा निरोप खरा धरला जातो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी घरात बसून हायवेवरच्या जीप चेरोकीचा जोर काढून घेतला. चालवणारा ॲक्सिलरेटर दाबत राहिला आणि गाडी मंदावत गेली. आत शिरले ते गाणी-नकाशाच्या युनिटमधून.

रात्रपाळी
तुम्ही सुचवताय तीच रचना त्या जीपमध्ये होती! युनिटमधली कॅनला जोडलेली चिप फक्त ऐकण्यासाठीच होती. या दोघांनी तिचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर, बदललं आणि ती बोलायला लागली. नवं फर्मवेअर कंपनीचंच आहे का, हे तपासणारं काही नव्हतं. म्हणजे खोट होती ती फर्मवेअरवरची कंपनीची डिजिटल सही न तपासण्यात.

चक्रधर
मान्य, पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. बंदी सॉफ्टवेअरमध्ये असली की सॉफ्टवेअरनेच उठवता येते. ती हार्डवेअरमध्ये हवी.

पानापेटी
मग ब्रेकच्या ईसीयूतली चूक दुरुस्त कशी करणार? अपडेट म्हणजे त्या ईसीयूत लिहिणंच आहे, आणि त्यासाठी युनिटला बोलावंच लागतं. जीपच्या वेळी १४ लाख गाड्यांचा रिकॉल काढावा लागला आणि मालकांना टपालाने यूएसबी पाठवले. किती जणांनी ते लावले असतील? पुढच्याच वर्षी टेन्सेंट या चिनी कंपनीच्या कीन लॅबने टेस्ला मॉडेल एसचे ब्रेक लांबून लावून दाखवले, तेव्हा १० दिवसांत हवेतूनच, म्हणजे इंटरनेटवरून, दुरुस्ती गेली, फर्मवेअरवर सही तपासण्याची सोयही आली. माझ्या घरची माणसं त्या गाडीत असती, तर मला ते १० दिवसही जास्त वाटले असते. टपालाची वाट तर पाहवलीच नसती.

चक्रधर
हे मला खोडता येत नाही. तरी गाडी उभी असताना, मालकाने होकार दिल्यावर आणि सही तपासूनच ती वाट उघडावी. धावत्या गाडीत ती उघडी राहण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

दुवा
दोघंही इंटरनेटवरच अडकलात. २०२३ मध्ये उजेडात आलेली चोरीची रीत बघा: बंपर ओढायचा, हेडलाइटचा प्लग काढायचा, त्यामागच्या कॅनच्या तारांना आपलं यंत्र लावायचं. ते यंत्र ‘किल्ली ओळखली’ असा निरोप सोडतं आणि दारं उघडतात. यात सिमकार्ड कुठे आलं? प्रत्येक निरोपाला गुप्त सांकेतिक किल्लीने काढलेला पडताळा जोडल्याशिवाय हे थांबणार नाही.

रात्रपाळी
साध्या कॅनच्या निरोपात जेमतेम ८ बाइट मावतात, त्यात पडताळा बसवताना ओढाताण होते. कॅन एफडी या कॅनच्या नव्या आवृत्तीत ६४ मावतात, म्हणून नव्या गाड्यांत जमेल. युरोपात तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला संयुक्त राष्ट्रांचा आर१५५ नियम लागू आहे, सायबरसुरक्षेची व्यवस्था दाखवल्याशिवाय मंजुरी नाही. मला तरी हा मार्ग पटतो.

चक्रधर
नव्या गाड्यांना. रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्यांच्या तारा तशाच राहतील आणि त्या अजून १५ वर्षं धावतील. त्यांचे अपडेट किती वर्षं देणार, हे कंपनीने विकतानाच लिहून द्यावं आणि ती मुदत संपली की इंटरनेट बंद करण्याचं बटण मालकाच्या हातात असावं. पानापेटी, एवढ्याला तरी तुमची हरकत आहे का?

पानापेटी
मुदत लिहून देण्याला अजिबात नाही. बटणाला आहे. अपघातानंतर मदतीला फोन लावणारी यंत्रणाही बहुधा त्याच सिमवर असते.