तयार गेमिंग पीसी घेऊ का पार्ट आणून जोडू? गावात राहतो, सल्ला पाह्यजे

कापूसकोंडा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. कापूस विकला, घरी पैसे आले नि बाबा पयल्यांदाच हो म्हणाले, त मॉनिटर धरून ९० हजारात गेमिंग पीसी घ्याचा हाय, यूपीएसचे पैसे वेगळे ठेवले. व्हॅलोरंट नि जीटीए ५ खेळतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यातूनच बाबाचे पैसे फेडाचे हाय म्हणून पीसी बंद पडून चालत नाही. ऑनलाइन तयार पीसी ईएमआयवर भेटून रायला. मित्र म्हणते पार्ट घे, जोड, स्वस्तात पडते. मी आजवर रॅम टाकण्यापलीकडं काही उघडलं नाही. खोलीवर टिनं हायेत, लाइनीचा काही नेम नाही, नि बिघडला त तालुक्यात फक्त प्रिंटर नि लॅपटॉपवाले. काय करू सांगा.

वणीकर:
भाऊ, पैशाचा हिशोब नंतर कर, पयले त्या तयार पीसीवाल्याले तुया गावचा पिनकोड सांगून विचार का माणूस घरी येईल का डबा आम्ही पाठवाचा. "ऑनसाइट वॉरंटी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असते नि खाली बारीक लिहिलेलं असते का ठरावीक शहरातच. डबा पाठवाचा असला त ३०० किलोमीटरवरची वॉरंटी नि नसलेली वॉरंटी यात आपल्याले फार फरक पडत नाही, कारण कुरिअर आपल्या गावात घ्याले येतच नाही, यवतमाळले नेऊन द्या लागते. आणि उत्तर फोनवर घेऊ नको, मेलवर लिहून घे.

आरमोरीचा_भाचा:
मी तयार पीसीच्या बाजूनं बोलतो, कारण इथं सगळे जोडाच म्हणणार. मामाच्या पोराले तयारच घेतला, एकच बिल, एकच वॉरंटी, बोर्ड गेला का एसएमपीएस (पीसीले करंट पुरवणारा भाग) गेला हे आपण शोधत बसाची गरज नाही, पूर्ण डबा त्यांच्या गळ्यात. जोडलेल्यात काय होते, स्क्रीन आली नाही का रॅमवाला म्हणते बोर्ड पाहा, बोर्डवाला म्हणते सीपीयू पाहा, आणि तपासाले दुसरी रॅम, दुसरा बोर्ड आपल्याजवळ नसते. शहरात मित्राचं काढून लावून पाहता येते, आमच्याकडं पूर्ण गावात तोच एक पीसी. ज्यानं कधी उघडला नाही त्यानं ९० हजार घेऊन शिकाले बसू नये असं माझं स्पष्ट मत हाय.

अकोलेकर_सध्या_पुणे:
भाच्याचा मुद्दा खरा आहे, तपासायला सुटे पार्ट नसणं हीच गावातली मोठी अडचण. पण त्यावर तयार पीसी हाच उपाय असं नाही. तिसरा रस्ता आहे, पार्ट तू ठरव आणि जोडून घे दुकानातून. नागपूर किंवा अमरावतीला जा, यादी दे, समोर बसून असेंबल करून घे, विंडोज टाकून, गेम चालवून तासभर ताण देऊन बघ आणि मगच पैसे दे. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घे. मग वॉरंटी त्या त्या कंपनीची राहते, साधारण सीपीयूला ३ वर्षं, ग्राफिक कार्डला बहुतेक ३, चांगल्या एसएमपीएसला ५ किंवा जास्त, आणि सगळी धावपळ एकाच दुकानातून होते.

तयार पीसीचं मला खटकतं ते वेगळंच. जाहिरातीत सीपीयू, ग्राफिक कार्ड आणि दिवे दाखवतात, एसएमपीएस कोणता ते लिहीत नाहीत, रॅम १६ जीबी लिहितात पण एकच काडी असते, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन काड्या जोडीनं चालून मिळणारा वेग) नाही. काही मोठ्या ब्रँडच्या डेस्कटॉपमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बाजारातला बसतच नाही. दारव्ह्यात बसून असला एसएमपीएस कुठून आणशील? तयारच घ्यायचा ठरला तर प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव मॉडेलसकट मागव, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नको.

एक गोष्ट मात्र सध्या तयार पीसीच्या बाजूनं आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भयंकर चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल चाललाय म्हणून, एसएसडीही महागल्या. ज्याच्याकडे जुन्या भावातला माल आहे त्याचा तयार पीसी खरंच स्वस्त पडू शकतो. म्हणून "जोडलेला स्वस्तच" हे मित्राचं वाक्य आज डोळे मिटून धरू नको, दोन्हीकडचा भाव एकाच दिवशी काढ, १८ टक्के जीएसटी धरून, पक्क्या बिलासकट.

क्लासवाली_ताई:
मी तालुक्याला एमएससीआयटीचं सेंटर चालवते, म्हणून मशीन कशानं मरतात ते रोज बघते. कोणता पीसी घ्यायचा याच्या आधी भाऊ तू वायरमन बोलव आणि अर्थिंग तपासून घे. आपल्याकडे अर्ध्या घरात तीन पिनच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, ते त्याच्यामुळेच, एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कॅपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात आणि तो करंट जायला वाट मिळत नाही. खड्डा करून कोळसा, मीठ टाकून अर्थिंग करून घे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, जमीन कोरडी झाली की अर्थिंग काम करत नाही. मृगाच्या तोंडावर विजा सुरू झाल्या की नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन काढायची, आणि फायबरच्या डब्याचीपण पिन काढायची.

दुसरं, घरात कापूस ठेवता का? वेचणीच्या दिवसात एका खोलीत कापूस भरला की त्याचे बारीक तंतू पूर्ण घरात उडतात आणि पंख्यात, हीटसिंकमध्ये (गरमी बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांत) जाऊन नमद्यासारखे बसतात. ब्लोअरनं साध्या धुळीसारखे उडत नाहीत, काढावे लागतात. म्हणून पुढून जाळी असलेलं आणि फिल्टर हातानं निघणारं कॅबिनेट घे, काचेचं बंद तोंडाचं नको.

कापूसकोंडा:
ताई, कापूस बाजूच्याच खोलीत असते, बरं झालं सांगितलं. अर्थिंग पाहतो. आता दोन प्रश्न. मे महिन्यात आमच्याकडं ४५ च्या वर जाते, मग लिक्विड कूलर लावू का? नि घरी इन्व्हर्टर हाय मोठ्या बॅटरीचा, तोच वापरू का यूपीएस वेगळा घेऊ? रब्बीत शेतातल्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या का व्होल्टेज इतकं पडते का पंखा नुसता फिरते.

अकोलेकर_सध्या_पुणे:
लिक्विड नको. खोलीतली हवाच ४३ असेल तर पाण्याचा कूलरही त्याच हवेत उष्णता टाकणार, खोलीपेक्षा थंड काहीच होत नाही, वर पंप गेला की गावात मिळत नाही. त्यापेक्षा वीज कमी पिणारा माल घे, म्हणजे गरमी मुळातच कमी तयार होईल. आरएक्स ७६०० कार्ड १६५ वॅटचं आहे, आरटीएक्स ५०६० १४५ चं, आणि जुनं आरटीएक्स ४०६० फक्त ११५ चं. ४०६० चा नवा, सीलबंद माल वाजवी भावात सापडला तर तुझ्या खोलीसाठी मी तोच घेईन. प्रीमिअरसारख्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरलाही एनव्हिडिया बरं पडतं. सीपीयू ६५ वॅटचा ६ कोरचा भरपूर झाला, त्यावर साधा टॉवरवाला एअर कूलर.

आणि सीपीयू असा घे ज्यात स्वतःचं ग्राफिक असतं. राय्झन ५ ७६०० मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही, इंटेलच्या १२४०० मध्ये आहे, १२४००एफ मध्ये नाही. एफवाला स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात, पण कार्ड वॉरंटीत गेलं की महिनाभर तुझी स्क्रीन काळी, आणि लग्नाच्या सीझनमध्ये गिऱ्हाईक थांबत नाही. स्वतःचं ग्राफिक असेल तर गेम नाही चालणार, एडिटिंग हळू होईल, पण काम निघेल. ७६०० चं एएम५ सॉकेट (बोर्डावर सीपीयू बसतो ती जागा) आहे, त्याला डीडीआर५ रॅम लागते आणि तीच महाग आहे, बजेट ताणलं तर १२४०० आणि डीडीआर४ या जुन्या रॅमचा बोर्ड बघ.

वणीकर:
इन्व्हर्टरचं सांगतो. पयले पाय प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाइनीसारखाच करंट देणारा, हाय का. स्क्वेअर वेव्हवाल्यावर पीसी लावू नको, चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात नाहीत त बंद पडतात. साइन वेव्ह असला त मागं यूपीएस मोड नि नॉर्मल मोड असं बटन असते, ते यूपीएसवर कर, म्हणजे लाइन गेल्यावर पटकन बदलते नि व्होल्टेज जास्त पडलं का स्वतःच बॅटरीवर जाते. पण मोटारीच्या दिवसात तो घडीघडी बॅटरीवर जाईल नि रात्री घरच्यांले पंखा भेटणार नाही, बाबा पीसीच बाहेर काढतील. म्हणून मी म्हणतो १ केव्हीएचा यूपीएस वेगळाच घे, साधारण ६०० वॅट होते, तुया पूर्ण सेटाले पुरते. बॅकअप १०-१५ मिनिटं भेटला तरी प्रोजेक्ट सेव्ह होते नि मशीन नीट बंद होते. एसएमपीएस ५५० वॅटचा ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवणारा), १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला पाहून घे, पैसे कमी पडले त मॉनिटर लहान घे पण इथं कापू नको.

क्लासवाली_ताई:
आणि कूलरच्या झोतात पीसी ठेवू नको बरं. गवताच्या कूलरची ओली हवा थेट आत गेली की बोर्डवर गंज चढतो. कूलर खिडकीत, पीसी दुसऱ्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीवर नाही, टेबलावर. मुंग्या आणि पालीपासून मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावून घे.

आरमोरीचा_भाचा:
दुकानात जोडून, तपासून, एका बिलावर भेटत असेल त माझी हरकत नाही, माझं म्हणणं एकट्यानं घरी जोडण्याबद्दल होतं. तरी दुकानदाराले एक विचार, पार्ट खराब निघाला त पयल्या १५ दिवसात तो स्वतः बदलून देईल का कंपनीकडं बोट दाखवील. ते बिलाच्या मागं लिहून घे.

कापूसकोंडा:
ठरलं मग. दोन दुकानांतून यादीवर भाव घेतो, नागपुरात सीताबर्डीत एक नि अमरावतीत एक, नि त्याच दिवशी ऑनलाइन तयार पीसीचाही काढतो, पार्टांची नावं मागवून. आधी वायरमन. आणाचा कसा पण? एसटीनं आणला त चालते का?

अकोलेकर_सध्या_पुणे:
चालतं, फक्त ग्राफिक कार्ड दुकानातच काढून त्याच्या खोक्यात वेगळं घे, प्रवासात दणक्यानं स्लॉट तुटतो. मोठा टॉवर कूलर असेल तर तोही काढून घे, किंवा आत फोम भरून घे आणि घरी चालू करायच्या आधी आठवणीनं काढ. कार्ड काढताना आणि घालताना दुकानदाराला तुझ्या हातानं करू दे म्हण, व्हिडिओ काढून ठेव, लॅच कुठं असतो ते एकदा कळलं की घरी अडणार नाही. विंडोज ११, ड्रायव्हर आणि गेम तिथंच डाउनलोड करून आण, जीटीए एकटाच १०० जीबीच्या वर जातो. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सेटिंग) चालू लागतं, तेही बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधून, तिथंच करून घे.

वणीकर:
नि एसटीत कॅबिनेट वरच्या रॅकवर ठेवू नको, खाली पायाजवळ, आडवा, बोर्डाची बाजू खाली. सगळे खोके घरी जपून ठेव, वॉरंटीले जाताना तेच लागते.