मदत हवी आहे: स्नो ब्लोअरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय

राम राम मंडळी. मी अंबड तालुक्यातला, जि. जालना. आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, तरी प्रश्न बर्फाचाच आहे, हसू नका.

धाकटा भाऊ कॅनडात, सस्कॅचेवानला एका शेतावर कामाला आहे. इथं रोटाव्हेटर हाणलेला गडी, म्हणून मालकानं ट्रॅक्टरमागचा स्नो ब्लोअर, म्हणजे साचलेला बर्फ उडवून वाट मोकळी करणारं मशीन, त्याच्या गळ्यात घातला. मशीन ५४० आरपीएम पीटीओवरचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारं. ऑगर, म्हणजे आडवा फिरता स्क्रू, बर्फ मधोमध ओढतो, पंखा नळीतून लांब फेकतो. सगळं काम रिव्हर्समध्ये, मान वळवून वळवून आखडली म्हणतो.

भुसभुशीत बर्फात झकास चालतं. पण वाऱ्यानं साचून टणक झालेल्या ढिगात शिरलं की ऑगरचा शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की मशीन वाचवायला मुद्दाम तुटणारा बोल्ट) टाकदिशी जातो. परवा एका दुपारी तीन गेले. उणे २५ मध्ये हातमोजा काढून नट फिरवायचा, विचार करा.

जाड बोल्ट ठोकू नको, एवढं मी सांगितलंय. रोटाव्हेटरला मी तीच हुशारी केली होती. बोल्ट वाचला, गिअरबॉक्स गेला. नळी चोंदली तर पीटीओ आणि इंजिन बंद करून काठीनंच काढ, हेही बजावलंय.

आता विचारायचं ते असं: ढीग अर्ध्या रुंदीनं, थर थर करून घ्यावा का? आरपीएम पूर्ण ठेवून सगळ्यात खालचा गिअर पुरेल, की स्लिप क्लचचा (जोर आला की तुटायच्या ऐवजी घसरणारा) शाफ्ट बघावा? आणि खडीच्या रस्त्यावर खालचे स्किड (मशीन ज्यावर टेकून घसरतं ते पाय) किती उंच ठेवायचे? दगड अडकूनही बोल्ट जात असेल, अशी मला शंका आहे. कुणाचं पोरगं, भाचा तिकडं असेल तर जरा विचारून सांगा.