गावच्या घरावर थोडक्या खर्चात काय केलंत? अनुभव लिहा

मे महिन्यात आमच्या संगमेश्वराजवळच्या घराची किंमत काढायची वेळ आली. विकायचं नव्हतं, चुलत्यांचा वाटा ठरवायचा होता. त्यासाठी एक जाणता माणूस बोलावला. आम्ही आठवडाभर खपून दर्शनी भिंत रंगवून ठेवली होती. तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि तो सरळ मागीलदारी गेला. जोत्याला तळहात लावून ओल पाहिली, पडवीतल्या वाशाला सुरीचं टोक टोचलं. टोक बोटभर आत गेलं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला घाम फुटला.

मग दिवाळीनंतर पहिला खर्च केला तो मागच्या गटारावर. डोंगराकडून येणारं पाणी जोत्याला थडकत होतं. घरापासून चार हात लांब चर मारला, जांभ्याच्या तुकड्यांनी बांधून घेतला, उतार देऊन पाणी पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सोडलं. मजुरीसकट 18,000 रुपये गेले. पुढच्या पावसाळ्यात माजघराची भिंत पहिल्यांदा कोरडी राहिली. कुजलेले दोन वासे बदलले, बाकीच्यांना काजूच्या टरफलांचं तेल दिलं. माझं ठाम मत झालंय की कोकणातल्या घराची किंमत आधी पाण्यावर ठरते, शोभेचं सगळं त्यानंतर.

तुमचेही अनुभव लिहा. काय केलं, कोणत्या महिन्यात केलं, खर्च किती आला. चुकलं असेल तर तेही नक्की लिहा, पुढच्याचे पैसे वाचतील.

गुहागरहून

आमच्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. शाकारणीला माणसं वर चढलीच होती, तेव्हा चार मंगलोरी कौलं काढून त्या जागी काचेची बसवून घेतली. हजार रुपयांच्या आत काम झालं. आता सकाळी दहाच्या सुमाराला कवडसा बरोबर पाटाजवळ येतो. सासूबाई तांदळाचं ताट घेऊन बसतात आणि कवडसा सरकेल तशा त्याच्यामागून सरकतात. इतकी वर्षं निवडण-टिपण करायला त्यांना ओटीवर यावं लागत होतं. आलेला प्रत्येक पाहुणा आधी मान वर करून बघतो.

एक सांगते, पश्चिमेच्या उतारावर बसवू नका. एप्रिलमध्ये उन्हामुळे त्यांच्याखाली बसता येत नाही. आमची उत्तरेच्या उतारावर आहेत.

देवगडहून

आम्ही केलेली चूक सांगतो. आजोबांनी बांधलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती जुनाट दिसतात म्हणून 2012 साली बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर महागडा रंग. दोन पावसाळ्यांत रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले, पांढरे क्षार फुटले. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की वाळतो. आम्ही त्याला वाळायची वाटच ठेवली नव्हती.

2022 मध्ये गिलावा छिन्नीने काढून टाकला. काढण्याची मजुरी घालण्याइतकीच पडली, त्याचं वाईट वाटतं. दगडाचे काही कोपरे उडाले, ते तसेच ठेवले. दगडांमधल्या दरजा चुन्याने भरून घेतल्या आणि पावसाची झड लागते त्या बाजूला छपराची वळचण दीड फूट पुढे काढली. आता तांबडी भिंत, पांढऱ्या दरजा, पुढे तुळशीवृंदावन. रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढतात. ज्यांच्याकडे चिरा उघडा आहे त्यांना हात जोडून सांगतो, झाकू नका.

श्रीवर्धनहून

3 जून 2020. निसर्ग वादळात आमची निम्मी कौलं गेली, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. पाऊस तोंडावर होता, मिळाले ते पत्रे घातले. त्या वेळी दुसरा इलाजच नव्हता. पण नंतर उन्हाळ्यात घर तापायचं आणि पावसात आवाजाने समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही.

गेल्या वर्षी पुढच्या पडवीपुरते पत्र्यावर रिपा मारून वाचलेली जुनी कौलं परत चढवली. कौलं घरचीच, खर्च रिपा आणि मजुरीचा. माकडांनी एखादं फोडलं तरी खाली पत्रा असल्याने गळत नाही. आईने पहिल्या पावसात पडवीत खुर्ची टाकली आणि पागोळ्या बघत बसली. चार वर्षांनी.

रेवदंड्याहून

समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर लोखंडी ग्रिलच्या नादी लागू नका. आमची तीन वर्षांत सडली. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर 316 ग्रेडचं मागा. साध्या 304 वरही खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग येतात. आम्ही शेवटी किंजळाच्या लाकडाचे कठडे केले.

मालवणहून

दोन खोल्या पर्यटकांना देतो. मी रंगाचे नमुने घेऊन बसले होते, तर गवंडी म्हणाला, "वयनी, आधी पाणी खंय जाता ता बघा, मगे रंगाचा बघू." त्याचं ऐकून न्हाणीघराची फरशी उखडली, उतार नीट केला, वर हवेला जाळी ठेवली. कुबट वास गेला. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली. पाहुणे परत येतात ते एवढ्यावर. अंगण मात्र शेणाने सारवतो, पेव्हर घातलेले नाहीत.

राजापूरहून

गणपतीआधी घाईने रंग लावायची सवय सोडा. श्रावणात भिंत आतून ओलीच असते. आम्ही आता एप्रिलमध्ये लावतो, गणपतीला फक्त पुसून घेतो.

कुडाळहून

सगळे दुरुस्तीचं लिहितायत, मी कागदांचं लिहितो, कारण आमचं तिथेच अडलं. घर सुंदर, विहिरीला बारमाही पाणी. पण घरपट्टी तेव्हाही आजोबांच्याच नावे, ते 1994 साली गेले. मागचं नवं न्हाणीघर ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत नाहीच. घेणाऱ्याच्या बँकेने दोन्ही गोष्टींवर बोट ठेवलं आणि माणूस मागे गेला. वारस नोंद करायला दोन वर्षं लागली, पाच भावंडांच्या सह्या गोळा करायला त्याहून जास्त. घर गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीत आपली हद्द बरोबर धरली आहे का, ते स्वतः जाऊन बघा. रंगाच्या खर्चाआधी हा खर्च करा.

संगमेश्वरहून पुन्हा

काचेच्या कौलांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. दुकानात जाताना घरचं एक जुनं कौल पिशवीत घालून न्या. प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी असते. मी नुसतं माप लिहून नेलं होतं, लांबी-रुंदी जुळली, पण खाच बसली नाही. आणलेली सहाच्या सहा कौलं परत न्यावी लागली.