मदत हवी आहे: ८ बाय ६ च्या ग्रीनहाऊसमध्ये गादीवाफे, आणि आईचे गुडघे

मुक्काम लीड्सजवळ. मागच्या अंगणासाठी ८ बाय ६ फुटांचं काचेचं ग्रीनहाऊस घेतलंय, सुटे भाग मार्चमध्ये येतील. बसणार ते आधीच्या मालकांनी घातलेल्या फरश्यांवर. फरश्या उखडायच्या नाहीत (नवऱ्याचा व्हेटो). म्हणजे आत जमीन नाही, जे काय लावायचं ते वाफ्यात नाहीतर कुंडीत.

कुंड्या करून झाल्या. जुलैत चार दिवस गावाला गेलो तर शेजारच्या आजोबांना रोज झारी घेऊन यावं लागलं. म्हणून गादीवाफे. आणि खरं कारण म्हणजे आई. ती एप्रिलअखेर सहा महिन्यांसाठी येते, तिला खाली बसवत नाही. गेल्या वर्षी खुर्चीत बसून लांब दांड्याच्या खुरप्याने मेथी खुरपायची आणि तणाबरोबर निम्मी मेथीही उपटायची. वाफा दोन फूट उंच असला तर उभ्याने करेल.

घोडं अडलंय उंचीवर. कडेची काच सव्वा मीटरवर संपते, तिथून छत तिरकं. मधोमध दोन मीटर. कडेला दोन फुटी वाफा केला तर वर जेमतेम ६५ सेंटीमीटर उरतात, टोमॅटो जूनमध्येच डोकं आपटणार. एक फुटी केला तर झाडं खूश, आई नाही. बाहेर लावायचं म्हणाल तर तेही झालं: वांग्याची फुलं गळाली, टोमॅटोवर ऑगस्टमध्ये करपा.

शिवाय मातीची धास्ती आहे. दोन वर्षांपूर्वी एका तबेल्यातून फुकट लीद आणली होती. छान कुजलेली, काळी, वासही नाही. महिन्याभरात टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या कोवळ्या पानांसारखे गुंडाळले. मी व्हायरस समजून मावा मारत बसले. यंदा काय भरू, आणि उंचीचं काय करू?

गवती_चहा:
उत्तर तुमच्याच "मधोमध दोन मीटर"मध्ये आहे. दार अरुंद बाजूला असेल ना? मग दारासमोरच्या भिंतीला आडवा वाफा दोन फुटी करा, तो आईंचा. कडेचे दोन्ही वाफे एकेक फूट उंच, मधे दोन फुटांची वाट. घोड्याच्या नालेसारखा आकार होईल. आईंच्या वाफ्यात मेपर्यंत मेथी, मग मिरच्या. कडेला टोमॅटो, वांगी. कोथिंबीर बाहेरच ठेवा, आतल्या उन्हात बघता बघता फुलावर जाते. वांग्याची घाई करू नका. रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं की ते रुसतं, आणि तुमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत गारठ्याचा भरवसा नाही.

फळ्या काचेला टेकवू नका, दोन बोटं फट ठेवा. तळाला प्लास्टिक घालू नका, पाणी फरश्यांच्या सांध्यांतून जाऊ दे. आत पाऊस नाही हे विसरायचं नाही. वाफा कुंडीपेक्षा दमाने सुकतो, पण भर उन्हाळ्यात पाणी जवळजवळ रोजच. वर खतांचे क्षार साचून पांढरट पापुद्रा धरतो. हिवाळ्यात वाफे रिकामे झाले की एकदा भरपूर पाणी सोडून ते धुऊन काढा.

लिदीचं म्हणाल तर तो व्हायरस नव्हे, बहुतेक तणनाशक. कुरणावर अमिनोपायरॅलिड मारतात, घोडा ते गवत खातो आणि औषध पोटातून जसंच्या तसं लिदीत उतरतं. रंगावासावरून कळत नाही. यापुढे कुठलंही शेणखत आणलं की आधी तीन-चार कुंड्यांत कंपोस्टमध्ये मिसळून मटार पेरायचे. तीन-चार आठवड्यांत पानं सरळ राहिली तरच वाफ्यात.

फळीकुट:
हिशोब केलात का? कडेचे प्रत्येकी १२ घनफूट, आडवा २४. एकूण ४८, म्हणजे साधारण १,३६० लिटर. ५० लिटरच्या २७ पिशव्या! आडव्याचा खालचा अर्धा भाग जुन्या फांद्या आणि कुजक्या पानांनी भरा, सातेक वाचतील. ते खाली बसत जातं, दर वसंतात वरून भर घालायची.

दाराची रुंदी मोजा. ढकलगाडी जात नसेल तर सांगाडा उभा करा, माती भरा आणि काचा शेवटी बसवा. मी उलटं केलं होतं. बादलीने माती वाहिली, वर एक काच कोपराने फोडली.

छताच्या खिडकीला आपोआप उघडणारा दांडा लावून घ्या. नळीतलं मेण तापून फुगतं आणि खिडकी उचलतं, वीज लागत नाही. ऑफिसात बसल्या बसल्या आत पस्तीसच्या वर गेलं तर टोमॅटोचीही फुलं गळतात.

धागाकर्ती:
दार २४ इंच, ढकलगाडी २६. काचा शेवटी! मटार आजच भिजत घातले.

आईला फोनवर नालेचा आकार समजावला. म्हणाली, "दोन फुटांत पण वाकावंच लागेल, ओट्याएवढा कर." ओटा ३३ इंच. घासाघीस करून अडीच फुटांवर आणलंय. एवढ्या उंचीला फळ्या फुगणार नाहीत ना?

फळीकुट:
फुगणार. सहा फुटांत मधोमध एक उभा खुंट, आणि समोरची-मागची फळी बांधणारी आडवी पट्टी मातीच्या आतून. वरून दिसू देऊ नका, आईंचं खुरपं अडकेल.